रोहितांचं ताट अभयारण्यात, अंथरूण बाहेर: ऐरोलीच्या बोटफेरीबद्दल

आधी माझी ओळख, म्हणजे पुढची तक्रार कोणत्या तोंडाची आहे ते कळेल. मी हार्बर लाइनचा निवृत्त मोटरमन. मानखुर्द आणि वाशीच्या मधला खाडीपूल किती वेळा ओलांडला त्याचा हिशेब ठेवला नाही. हिवाळ्यात ओहोटी असली की पुलाखालच्या चिखलावर दूरवर गुलाबी रेघ दिसायची. पण फक्त दिसायची, बघता यायची नाही. डेडमॅन हँडल (हात सुटला की गाडी आपोआप थांबते) दाबलेलं, डोळे सिग्नलवर आणि मागे चार हजार माणसं. गाडी पुलावरून उतरली की रेघ संपायची. ड्युटी सुटल्यावर पक्षी बघायला जाण्याइतकी हौस कुणाच्या अंगात उरते?

२०२१ ला निवृत्त झालो. त्यानंतर सात वर्षांची नात मागे लागली, "आजोबा, फ्लेमिंगो कधी दाखवणार?" शाळेतल्या भिंतीवर रंगवलेत म्हणे. तिला सांगितलं की आपल्याकडे त्यांना रोहित म्हणतात. ती म्हणाली, "रोहित तर आमच्या वर्गात तीन आहेत."

पहिला प्रयत्न फसला, तो आधी सांगून टाकतो. एका सहल काढणाऱ्याकडे पैसे भरले (नाव घेत नाही, माणूस उद्धट नव्हता, नुसता अडाणी होता). त्यानं आम्हा पंधरा जणांना शिवडीच्या जेटीवर नेलं. शिवडी म्हणजे मुंबईकरांना रोहित पहिल्यांदा नीट ओळखीचे झाले ती जागा. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून तिथे थवे उतरायला लागले. आता बाजूनंच अटल सेतू समुद्रात शिरतो. जागा बरोबर होती, वेळ चुकली. पौर्णिमेचा दिवस आणि दुपारचे बारा. समोर पाणीच पाणी, पाण्यावर थर्माकोल आणि एक चप्पल. पक्षी एकही नाही. सहलवाला म्हणाला, "आज आले नाहीत बहुतेक."

खरी चूक माझी. माझी आई गुहागरची. भरतीचं गणित तिनं मला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे अकरा ते बाराच्या सुमाराला समुद्र काठोकाठ. काठोकाठ पाण्यात रोहित काय करणार? त्याला चिखल लागतो, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी लागतं. पैसे भरताना हे आठवलं असतं तर चाळीस वर्षं मुंबईत राहून आईचा पाढा विसरला नाही असं म्हणता आलं असतं.

दुसऱ्या खेपेला मीच कॅलेंडर काढलं. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, दिवा गावाच्या पुढे, अगदी खाडीच्या कडेला. तिथून बोट सुटते. फोन लावला तर पलीकडच्या मुलीनं पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला कोणता दिवस सोयीचा आहे ते सांगा, मी भरती बघून वेळ देते." तेव्हाच हायसं वाटलं. इथे आधी पाणी बघतात, गिऱ्हाईक नंतर. आम्हाला द्वादशी मिळाली. बाराची पाऊणपट नऊ, खाडीत आतल्या बाजूला थोडी उशिरा. बोट सकाळी साडेसातची. म्हणजे पाणी चढतंय, बोट तरंगेल इतकं आहे, पण चिखल अजून उघडा आहे. याहून चांगली वेळ नाही.

आम्ही मुलुंडला राहतो, तेव्हा ऐरोली पूल ओलांडला की झालं. एनएमएमटीची, म्हणजे नवी मुंबई महापालिकेची बस मिळते, उतरून पुढे रिक्षा. तिकीट माणशी मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नच्या डब्याइतकं पडलं. दर वारानुसार आणि बोटीनुसार बदलतात, निघण्याआधी विचारून घ्या. लाइफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचं. आमच्या हिनं साडीवर ते नारंगी जॅकेट चढवलं आणि मला म्हणाली, "अहो, फोटो काढलात तर बघा." काढला. घरच्या ग्रुपवर टाकलाही.

बोट सुटायला वेळ होता म्हणून माहिती केंद्रात फिरलो. मुलांसाठी चांगलं आहे. कांदळवनातले प्राणी, चिखलातले किडे, खेकडे, सगळं मांडून ठेवलंय. मला मात्र भिंतीवरच्या नकाशानं धरून ठेवलं. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, ६ ऑगस्ट २०१५ ची अधिसूचना, क्षेत्र सुमारे १६९० हेक्टर. त्यातलं ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी. मालवणनंतरचं राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेलं, नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्या पंक्तीत. हद्द कुठून कुठे? उत्तरेला ऐरोली पूल, दक्षिणेला वाशी पूल.

वाशी पूल! म्हणजे २०१५ पासून निवृत्तीपर्यंत मी रोज अभयारण्याच्या वेशीवरून गाडी नेत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आमच्या वर्किंग टाइमटेबलात पुलाचा वेग दिलेला असतो, अभयारण्य सुरू झाल्याचं कुणी लिहीत नाही. नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुम्ही हॉर्न वाजवायचात?" वाजवायचो की. रुळांवर काम करणारा गँगमन दिसला तर वाजवायलाच लागतो.

बोट लहान, वर छप्पर, दोन्ही बाजूंना बाकडी. चालवणारा गावातलाच पोरगा, सोबत माहिती सांगणारी एक तरुण मुलगी. सुरुवातीची दहा मिनिटं दोन्ही काठांना तिवरांची दाट भिंत. तिवराच्या बुडाशी चिखलातून वर आलेली मुळं, हजारो, पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी. चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. मध्येच चिपीची झाडं. पांढरी चिपी हे २०२० पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवन वृक्ष आहे. आंबा, ताम्हण, शेकरू, हरियाल एवढी राज्याची मानचिन्हं पाठ होती, त्यात ही भर. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. बोटवाला म्हणाला, "काका, निवटीचं कालवण खाल्लंत का कधी? आता कुणी खात नाही. खाडीचा वास लागतो माशाला."

वासाचं सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही जाऊन मला शिव्या घालाल. वास येतो. उकडलेल्या अंड्यांसारखा, वर थोडं रसायन. हिनं पदर नाकाला लावला तो परतेपर्यंत काढला नाही. एका काठाला मुंबई, दुसऱ्या काठाला ठाणे-बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा, आणि दोन्हीकडचे नाले खाडीत. पण ही मुलगी जे म्हणाली ते ऐकून मी गप्पच झालो. या सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं आणि लहान रोहित (ही वेगळी जात, पिल्लू नव्हे) नेमकं तेच निळं-हिरवं सूक्ष्म शेवाळ खातो. पूल, भराव यांनी पाण्याची ओढ मंदावली, गाळ बसला, चिखलाची पठारं पसरली. म्हणजे आपण घरी फ्लश ओढतो आणि इथे पंगत वाढली जाते. जगात संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्या पक्ष्यासाठी आपण अभयारण्य केलं ते आपल्याच घाणीत. हे कौतुक की लाज, माझं अजून ठरलेलं नाही.

मग बोटवाल्यानं इंजिन बंद केलं.

एवढ्या एका गोष्टीसाठी मी या फेरीला पूर्ण गुण देईन. त्यानं जवळ नेण्याचा हट्ट धरला नाही. मागच्या बाकावरचा एक गृहस्थ म्हणत होता, "जरा पुढे घे ना, मोबाइलमध्ये येत नाहीत." पोरगा म्हणाला, "पुढे घेतलं तर ते उडतील, मग कुणाच्याच मोबाइलमध्ये येणार नाहीत." बांबू चिखलात रोवला, बोट थांबली. मोटरमनला थांबण्याची किंमत कळते. वीस मिनिटं उभे होतो.

समोर आधी गुलाबी पट्टा दिसला, मग पट्ट्यात पाय दिसले, मग वाकलेल्या मानांचे आकडे दिसायला लागले. दुर्बीण आळीपाळीनं मिळत होती. तिच्यातून एकच पक्षी निवडला आणि त्याच्यावरून हटलो नाही. डोकं उलटं. अक्षरशः उलटं, टाळू खाली आणि हनुवटी वर. गडद, काळपट-लाल चोच पाण्याच्या वरच्या थरात बुडवलेली, आणि डोकं डावी-उजवीकडे हलतंय, आई सुपात तांदूळ पाखडायची तसं. जीभ पंपासारखी आतबाहेर होते, पाणी बाहेर जातं, चोचीच्या आतल्या केसांसारख्या जाळीत शेवाळ अडकतं. आमच्या गाडीचा कॉम्प्रेसर जसा एकसारखा धडधडत असतो, तसं गळ्याच्या कातडीला सतत लहानसं थरथरणं दिसत होतं. एकदाही थांबला नाही.

शेजारी दोन मोठे रोहित, म्हणजे दुसऱ्या जातीचे. ते उंच, अंगानं पांढरट, चोच फिकट गुलाबी आणि टोकाला तेवढी काळी. ते चिखलात जागच्या जागी गोल फिरत पाय आपटत होते, द्राक्षं तुडवावीत तसे, आणि मध्ये मान खुपसत होते. मधूनच राखाडी, मळकट पोरं. ती याच रंगाची असतात, खाण्यातून रंग चढायला काही वर्षं लागतात. नातीला ही गोष्ट फार आवडली. म्हणजे जेवलं नाही की पांढरं राहायचं. आता घरी ताटात भोपळा उरला की मी तेच सांगतो.

आवाजाची मला कल्पना नव्हती. लांबून बदकांसारखा वाटतो, जवळून लग्नाच्या हॉलमध्ये जेवणं चालू असताना येतो तसा गुणगुणाट. त्यात लांब पायांच्या शेकाट्यांची टिवटिव, वर एक ब्राह्मणी घार. मागे ऐरोली पुलावरून ट्रक जात होते ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

मी त्या मुलीला विचारलं, "लाखानं आहेत म्हणता, मग दुर्मिळ कसले?" तिनं उत्तर चांगलं दिलं. लहान रोहित संख्येनं दिसतात भरपूर, पण अंडी घालायच्या जागा जगात बोटांवर मोजण्याइतक्या. आफ्रिकेतली काही खारी तळी आणि आपल्याकडे कच्छचं रण. तिथे पाऊस बिघडला की त्या सालची पिल्लं गेली. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत, पोट भरायच्या दिवसांत, त्यांना ही खाडी मिळते की नाही याला महत्त्व. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं (बीएनएचएस) सहा रोहितांच्या पाठीवर जीपीएस यंत्रं बसवली. एकाचं नाव हुमायून, एकाचं सलीम. ते गुजरातेत जाऊन पोचल्याचं त्यांना इथे बसून दिसलं. आमच्या कंट्रोल ऑफिससारखंच, फक्त गाड्या लेट झाल्या म्हणून कुणी ओरडत नाही.

साडेआठच्या पुढे पाणी भरभर चढलं. चिखलाच्या पठाराचा आधी कडेचा भाग गेला, मग मधला. पक्षी एकमेकांच्या जवळ सरकायला लागले, गर्दीच्या वेळी डब्यात होतं तसं. आणि मग कुणी इशारा केला माहीत नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थवा पाण्यावरून धावला. चार-पाच पावलं पाण्यावर पडतात आणि मगच पंख धरतात. पंख उघडले की आतला लाल आणि कडेचा काळा एकदम दिसतो. नात उभी राहिली, मी उभा राहिलो, आणि बोट कलली. "काका, बसून घ्या!" बसलो.

"कुठे निघाले?" मी विचारलं.

"भरतीला इथे पाय टेकायला जागा नाही. काही भांडुपकडच्या पाणथळीत जातात, काही खाली नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर."

सीवूड्स! नकाशा डोळ्यांपुढे आला. वाशी पुलाच्या पलीकडे, दक्षिणेला. म्हणजे हद्दीच्या बाहेर. दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन्ही वेळेला यातल्या कित्येक पक्ष्यांना वेस ओलांडावी लागते. ताट अभयारण्यात, अंथरूण बाहेर. फेरीच्या मार्गदर्शनात ही गोष्ट मी विचारल्यावर आली, विचारलं नसतं तर कदाचित आली नसती. मी वनाधिकारी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती.

डोक्यातून जाईना म्हणून चार दिवसांनी एकटाच सीवूड्सला गेलो. प्रतिपदा होती, सोळाची पाऊणपट बारा, म्हणून दुपारीच. स्टेशनवरून रिक्षा केली, रिक्षावाल्याला "डीपीएस तळं" (दिल्ली पब्लिक स्कूलवरून पडलेलं नाव) सांगितलं की पुरे. तीस एकरांचं तळं, एका बाजूला टॉवर, आणि मध्ये घोटाभर पाण्यात हजारभर रोहित. बरेचसे एका पायावर, मान पाठीत खुपसून झोपलेले. ऐरोलीला ते जेवताना पाहिले होते, इथे ते पेंगत होते. ना तिकीट, ना जॅकेट. काठावर एक बाई कुत्र्याला फिरवत होत्या, त्यांनी न विचारता सांगितलं की खाडीचं पाणी आत यायची वाट अडली की हे तळं आटतं, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात इथे रोहित दगावले होते. त्याच वर्षीच्या २० मेच्या रात्री घाटकोपरला दुबईहून येणाऱ्या विमानावर थवा आदळला आणि जवळपास चाळीस पक्षी मेले, ते तर सगळ्यांनी वाचलंय. रोहित रात्रीही उडतात. अंथरूण हललं की माणूस रात्रीअपरात्री कुठेही भटकतो, पक्षी काय वेगळा?

नवी मुंबई महापालिका शहराला फ्लेमिंगो सिटी म्हणवते. चौकांत, उड्डाणपुलांखाली रोहितांचे पुतळे आहेत, भिंती रंगवल्यात. पुतळ्यांना भरती-ओहोटी लागत नाही. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला होकार दिला, ही मात्र खरी चांगली बातमी. तरी मी रेल्वेतला माणूस. होकार म्हणजे पिवळा सिग्नल. गाडी पुढे घ्यायची, पण वेग पुढचा सिग्नल बघून ठरवायचा.

तर गुण. ऐरोलीच्या बोटफेरीला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण वासाचा कापला, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही, तो तुमच्या-माझ्या न्हाणीघरातून येतो. बोटवाल्या पोराला पाचपैकी पाच. अभयारण्याच्या हद्दीला पाचपैकी तीन. ज्यानं आखली त्यानं ओहोटीचा नकाशा समोर ठेवला होता, भरतीचा ठेवला नव्हता.

जाणार असाल तर जानेवारी ते मार्च उत्तम. दुर्बीण असेल तर न्या, टोपी न्या, पाण्याची बाटली न्या आणि रिकामी परत आणा. लहान मुलांना आधीच सांगा की पक्षी चिमण्यांसारखे खिडकीत येऊन बसणार नाहीत. ज्यांना बोटीत मळमळतं त्यांनी काळजी करू नये, खाडीत लाट नसते. ज्येष्ठांसाठी जेटीवर उतरताना हात द्यायला माणूस असतो. मला द्यायला आला होता, मी घेतला नाही, आणि पाय घसरला, तेव्हा तुम्ही घ्या.

आणि एवढंही जमत नसेल तर हिवाळ्यात ओहोटीच्या वेळेला मानखुर्दहून वाशीची लोकल पकडा, खिडकीत बसा आणि पुलावर खाली बघा. थोडक्या पैशांत काम होतं. मोटरमन बघणार नाही, त्याचा हात हँडलवर असतो.